खोक्यातून आलेला मिलिंद सोमण, आणि तुमच्या डोक्यात बसलेले म्युझिक व्हिडिओ

शेवटची_लोकल
परवा माळा आवरताना कॅसेटींची पिशवी सापडली. त्यात लकी अलीची 'सुनो'. फितीला बुरशी, आणि वाजवायला घरात टेपरेकॉर्डरही नाही. पण गंमत अशी झाली की कव्हर हातात घेतल्यावर 'ओ सनम'ची चाल आठवायच्या आधी डोळ्यांसमोर पिरॅमिड उभे राहिले. १९९६ चं गाणं, महेश मथाईने इजिप्तला जाऊन चित्रित केलेलं. मी आजवर इजिप्त पाहिलेला नाही, तरी 'इजिप्त' म्हटलं की मला इतिहासाचं पुस्तक आठवत नाही, लकी अली आठवतो.

तर प्रश्न असा. तुमच्या डोक्यात कायमचा बसलेला व्हिडिओ कोणता, आणि तोच का बसला? गाणं चांगलं म्हणून, की चित्र चांगलं म्हणून?

माझा आपला एक सिद्धांत. जो व्हिडिओ एका वाक्यात सांगता येतो तो टिकतो. 'खोक्यातून माणूस बाहेर येतो.' 'बँड पाण्याखाली गातो.' 'एकाच सरदारजीचे चार सरदारजी होतात.' बघा, नावं न घेता तिन्ही गाणी ओळखलीत की नाही?

सिनेमातली गाणी नकोत, नाहीतर धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि हाती काही लागणार नाही.

बटाटेवडा
मिलिंद सोमण. चर्चा समाप्त. दिवे मालवा.

खिडकीजवळची
बटाटेवडा, हसू नका, माझंही उत्तर तेच आहे!
'मेड इन इंडिया' आलं १९९५ मध्ये, मी तेव्हा आठवीत. आमच्या वाड्यात केबल फक्त देशपांडे काकूंकडे, त्यामुळे काय बघायचं ते काकू ठरवणार. अलिशा चिनॉय राणीच्या थाटात बसलेली, एकेक उमेदवार नापास करतेय, आणि मग ते लाकडी खोकं उघडतं. खोलीत आम्ही सात-आठ पोरी. सगळ्या चिडीचूप. आणि मागून देशपांडे आजींचा आवाज, "अगं, कुणीतरी सदरा द्या त्याला, थंडी वाजत असेल."
त्यानंतर आमच्या वाड्यात मिलिंद सोमणचं नाव 'सदरा' असंच होतं. "आज सदरा लागला होता का गं?" कॉलेज संपेपर्यंत हा शब्द चालला.
बाकी तो केन घोषचा व्हिडिओ, बिद्दूचं संगीत, हे सगळं फार नंतर वाचून कळलं. आणि हा मनुष्य आधी राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता, हे कळल्यावर आजी म्हणाल्या, "मग बरोबर, सवय असेल."

तांबडा_पांढरा
हसून हसून पुरेवाट!! आजींना दंडवत _/\_

धागाकर्ते, तुमच्या एका वाक्याच्या सिद्धांताला माझा पाठिंबा, पण चार सरदारजींचं श्रेय नुसत्या कल्पकतेला देऊ नका, तिच्यामागे राग आहे. दलेर मेहंदीची आधीची गाणी तुफान चालली होती, तर टीकाकार म्हणायला लागले की व्हिडिओत देखण्या पोरी नाचतात म्हणून चालतात, गाणाऱ्याचं काय त्यात. तो म्हणाला असेल, थांबा दाखवतो. १९९८ च्या 'तुनक तुनक तुन'मध्ये एकही पोरगी नाही. हा स्वतःच चार वेळा. क्रोमा म्हणजे एकरंगी पडद्यासमोर उभं राहून नाचायचं आणि मागे संगणकावर डोंगर-वाळवंट चिकटवायचं. चार रंगांचे चार झगे म्हणजे म्हणे पंचमहाभूतांपैकी चार.
ते ग्राफिक्स आज बघितले तर शाळेच्या स्नेहसंमेलनातला पडदा बरा वाटेल. तरी गाणं लागलं की आमच्या कोल्हापुरात वरातीतले म्हातारेसुद्धा तो एक हात वर करून गोल फिरतातच.

हॅम्बुर्गचा_पाहुणा
मी वयाने लहान आहे (९९ चा जन्म), त्यामुळे मारू नका. मला 'तुनक तुनक' आधी कॉम्प्युटर गेममधून माहीत झालं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये ड्रेनाय नावाची एक निळी जमात आहे, तिच्यातल्या पुरुषाला नाचायला सांगितलं की तो दलेर मेहंदीसारखा नाचतो. इथे जर्मनीत एका गोऱ्या मित्राने ते मला दाखवलं आणि वर विचारलं, "हे तुमच्याकडचं आहे ना?" मी छाती फुगवून हो म्हणालो आणि रात्री घरी जाऊन पहिल्यांदा मूळ व्हिडिओ बघितला.

बटाटेवडा
म्हणजे 'मेड इन इंडिया' खऱ्या अर्थाने हेच निघालं की!

निळी_पेन्सिल
मी अॅनिमेशनवाली, त्यामुळे माझं उत्तर जरा परदेशी. नॉर्वेच्या 'आ-हा'चं 'टेक ऑन मी', १९८५. मुलगी कॅफेत बसून चित्रकथा वाचत असते, पानातला माणूस डोळा मारतो आणि पेन्सिलीने काढलेला हात कागदातून बाहेर काढतो. आधी खरं चित्रीकरण करून मग त्याची एकेक चौकट हाताने गिरवायची, त्याला रोटोस्कोपी म्हणतात. सुमारे तीन हजार चौकटी, सोळा आठवडे. मी कॉलेजात पंधरा सेकंदांचं रोटोस्कोपीचं काम केलंय. मनगटाला पट्टा लावावा लागला होता. त्यामुळे तो हात कागदातून बाहेर येतो तेव्हा बाकीचे लोक "अरे वा" म्हणतात, मला मात्र मनगटात कळ येते.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. हे गाणं १९८४ मध्ये आधी एकदा आलं होतं, साध्या व्हिडिओसकट, आणि आपटलं होतं. नवा व्हिडिओ आला आणि जगभर गाजलं. म्हणजे चित्र जिंकलं. खटला बंद.

सुपारी
खटला एवढ्यात बंद करू नका. १९८४ चं आणि १९८५ चं ध्वनिमुद्रण एकच नाही. मधल्या काळात निर्माता बदलला आणि गाणं नव्याने मुद्रित केलं. दोन्ही ऐका, पहिलं बरंच पातळ आहे. भाजीही बदलली आणि ताटही बदललं, मग जेवण ताटामुळे रुचलं असं कसं म्हणणार?

निळी_पेन्सिल
हे मला माहीत नव्हतं. आत्ता दोन्ही ऐकले. मान्य. (मनगटाची कळ मात्र कायम.)

गुळपोळी
मला एक मदत हवी आहे, या धाग्यात विचारायला हरकत नसावी. मला एक व्हिडिओ आठवतो, पण गाणं आठवत नाही. शब्द नाही, चाल नाही, काही नाही.
२००१-०२ असेल. पंढरपूरला मामाकडे, उन्हाळ्याची सुट्टी. एक बाई ट्रक चालवतेय. मागे हौद्यात बऱ्याच बायका आहेत, त्या गातात, नाचतात. मोकळा रस्ता. एवढंच. आई स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. गाणं संपेपर्यंत हलली नाही. आई टीव्हीसमोर उभी राहणारी बाई नव्हती, म्हणून लक्षात आहे. कुणाला काही सुचतंय?

बटाटेवडा
ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं होतं का? मग सापडलाच समजा.

तांबडा_पांढरा
शुभा मुद्गलचं 'अब के सावन' नसेल? त्या वेळी तेच सारखं लागायचं.

गुळपोळी
नाही हो, ते पावसाचं. यात थेंबभर पाऊस नव्हता. पंढरपूरच्या मे महिन्यात पावसाचं गाणं लागलं असतं तर आख्ख्या गल्लीने लक्षात ठेवलं असतं.

जुना_सहाय्यक
बरेच दिवस नुसता वाचक होतो, पण पाण्याखालच्या बँडचा विषय निघाला आणि राहवेना. नव्वदच्या दशकात मी मुंबईत अशा चित्रीकरणांवर चौथ्या नंबरचा सहाय्यक होतो. म्हणजे चहा कुणाचा बिनसाखरेचा हे लक्षात ठेवणारा.

सिल्क रूटचं 'डूबा डूबा' (१९९८) मी केलेलं नाही, पण ते बघून आम्ही सगळे सर्द झालो होतो, कारण पाण्याखाली ओठ जुळवणं काय असतं हे आम्हाला कळत होतं. जमिनीवरच ते कठीण असतं. उदाहरण सांगतो. तुम्ही व्हिडिओत बघता की गायक संथ चालतोय, केस संथ उडताहेत, पण ओठ मात्र गाण्याबरोबर बरोब्बर हलताहेत. हे होतं कसं? एरवी कॅमेरा सेकंदाला २४ चौकटी घेतो, तिथे ४८ घ्यायच्या. आणि सेटवर गाणंही दुप्पट वेगाने वाजवायचं. गायकाने त्या दुप्पट वेगावर ओठ हलवायचे. मग नेहमीच्या वेगाने दाखवलं की शरीर संथ होतं आणि ओठ मूळ गाण्यावर येऊन बसतात.

आता विचार करा. गझलेच्या वळणाचं, विरहाचं गाणं. सेटवर ते उंदराच्या आवाजात चिंव चिंव करत धावतंय, आणि नायकाने त्यावर डोळ्यांत पाणी आणायचंय. पंखेवाला मागून हसतोय. दिवसभर तेच ऐकून संध्याकाळी आख्खं युनिट ते उंदराचं गाणं गुणगुणत वडापाव खायला जायचं. आजही अशी दोनतीन गाणी मला मूळ वेगात ऐकली की चुकीची वाटतात.

त्यामुळे 'गाणं की चित्र' हा प्रश्न मला कळतच नाही. आम्ही आधी गाणं मोडायचो आणि मग चित्र त्याला पुन्हा जोडायचं.

खिडकीजवळची
जुना_सहाय्यक, तुम्ही इतकी वर्षं नुसते वाचत होतात?? वेगळा धागा काढा, आत्ताच्या आत्ता. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सुपारी
+१. आणि उंदराचं गाणं कोणतं तेही सांगा.

जुना_सहाय्यक
सांगणार नाही. गायक हयात आहेत.

लोडशेडिंग
तुम्ही सगळे व्हिडिओचं कौतुक करताय, माझं मत वेगळं आहे. व्हिडिओ लक्षात राहिले ते वाट बघितली म्हणून. आवडतं गाणं कधी लागेल याचा पत्ता नसायचा. माझं टोपणनावच सांगतं, आम्ही तालुक्याच्या गावचे. दिवसाचे सहा-सात तास वीज नाही. 'याद पिया की आने लगी' मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पहिल्यांदा पाहिलं ते इंजिनियरिंगच्या वसतिगृहात. तोवर मला त्याचे तुकडे माहीत होते, मधला, शेवटचा, पुन्हा मधला. गोष्ट मी माझ्या मनाने जुळवली होती. खरी पाहिली तेव्हा म्हटलं, माझीच बरी होती.

आज हवं तेव्हा हवं ते बघता येतं, म्हणून काही टिकत नाही.

हॅम्बुर्गचा_पाहुणा
असहमत, काका. 'गंगनम स्टाइल' २०१२ चं. यूट्यूबवर शंभर कोटींचा आकडा गाठणारा पहिला व्हिडिओ. कुणी वाट बघितली नव्हती, भाषा कुणाला कळत नव्हती, तरी घोड्यावर बसल्यासारखा नाच आमच्या अख्ख्या शाळेला आजही येतो. धागाकर्त्यांचं एक वाक्य इथे लागू पडतं, तुमचं भारनियमन नाही.

लोडशेडिंग
काका?! मी ४१ चा आहे. असो. नाच लक्षात आहे म्हणता, पण त्या व्हिडिओतली दुसरी एक गोष्ट सांगा बरं, न बघता.

हॅम्बुर्गचा_पाहुणा
…लिफ्ट होती एक. आणि लिफ्टमध्ये एक माणूस. बस. ठीक आहे, अर्धा गुण तुम्हाला.

आजोबा_दोन
मंडळी, तुम्ही नव्वदच्या दशकापासून सुरुवात केलीत, पण सगळ्यात मोठा व्हिडिओ त्याआधीचा आहे आणि तो कुठल्याही कंपनीने कॅसेट विकायला काढलेला नाही. 'मिले सुर मेरा तुम्हारा', १५ ऑगस्ट १९८८, दूरदर्शन. भैरवी, आणि सुरुवातीला धबधब्यापाशी पंडित भीमसेन जोशी. त्याआधी आम्ही पंडितजींना सवाई गंधर्वच्या मांडवात, लांबून, रात्री दोन वाजता, घोंगडी पांघरून बघितलेलं. ते असे सकाळच्या उजेडात, पाण्याच्या बाजूला, शांत उभे बघून आमच्या घरात वडील खुर्चीवरून उठून उभे राहिले. राष्ट्रगीत नाही हो, म्हटलं. म्हणाले, माहीत आहे.

शब्द पीयूष पांडे यांचे, आणि चालीत आपल्या अशोक पत्कींचा मोठा वाटा. जाहिरातींच्या जिंगल करणाऱ्या माणसाला थोडक्यात सांगायची सवय असते, ती इथे कामी आली. एका भाषेला दोन ओळी मिळतात, तेवढ्यात आख्खा प्रांत उभा करायचा. आणि त्या गर्दीत मारिओ मिरांडा दिसले की आमच्या गोव्याच्या मेहुण्याचा ऊर भरून यायचा. बाकी देश गेला उडत, त्याचं लक्ष तेवढ्याच क्षणावर.

बटाटेवडा
आजोबा, आदर आहे, पण तो म्युझिक व्हिडिओ कसा? ती सरकारी जाहिरात झाली. धागाकर्त्यांनी निकाल द्यावा.

आजोबा_दोन
मग म्युझिक व्हिडिओ म्हणजे कॅसेटची जाहिरात नव्हे तर काय होतं?

सुपारी
आजोबा १, बटाटेवडा ०.

शेवटची_लोकल
निकाल: चालेल. याच न्यायाने मी 'एक अनेक' पण आत घेतो. १९७४, फिल्म्स डिव्हिजन. पाखरं जाळ्यासकट उडून जातात तो. विजया मुळे यांचा चित्रपट, भीमसैन यांचं अॅनिमेशन, संगीत वसंत देसाईंचं, आणि तो लहान आवाज साधना सरगमचा. एवढी मराठी नावं एका ठिकाणी आणि गाणं हिंदी, म्हणून निम्म्या लोकांना कल्पनाच नसते.

तांबडा_पांढरा
आता मराठी नावं निघालीच आहेत तर मराठी व्हिडिओ कुठे गेले? 'ऐका दाजीबा' कुणीच काढलं नाही? वैशाली सामंतचा आवाज, अवधूत गुप्तेची चाल, ईशा कोप्पीकर आणि मिलिंद गुणाजी. मराठी गाणं हिंदी चॅनेलवर, हिंदी गाण्यांच्या रांगेत लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी पुण्यात खोलीवर राहायचो, सोबत बिहारचा आणि केरळचा मुलगा. दोघांना 'दाजीबा' म्हणजे काय ते विचारायचं होतं. मी सांगितलं, बहिणीचा नवरा. केरळवाला गंभीरपणे म्हणाला, "मग ती त्याला काय ऐकायला सांगतेय?" मला आजतागायत नीट उत्तर देता आलेलं नाही.

खिडकीजवळची
ते चांगलंच होतं. पण त्यानंतरच्या मराठी अल्बमांचे बरेचसे व्हिडिओ आठवा बरं. पांढरा झब्बा, आमराई, झाडाच्या बुंध्याआडून डोकावणारी नायिका, आणि कडव्याच्या वेळी कारण नसताना होडी. गाणी ऐकायला सुंदर, पण बघताना मी डोळे मिटायचे.
आता तर लोकांचे लग्नाआधीचे व्हिडिओही तसेच असतात. माझ्या भाचीच्या व्हिडिओत ड्रोन आहे, होडी आहे, आमराई आहे. नवरा मुलगा आंब्याला अॅलर्जिक आहे.

जुना_सहाय्यक
होडीचं कारण पैसे. आमराईत दिवे लावावे लागत नाहीत, होडीत नाच बसवावा लागत नाही. एका दिवसात गाणं संपवायचं असलं की ही दोनच ठिकाणं उरतात. त्यात वाईटपणा नाही, पण इजिप्त आणि आमराई यांची तुलना करताना तेवढं ध्यानात घ्या.

खिडकीजवळची
हे पटलं. होडी माफ.

सुपारी
गुळपोळी, अजून आहात का इथे? दोन दिवस डोक्याला भुंगा लागला होता, आत्ता अंघोळ करताना सापडलं. शुभा मुद्गल हे नाव बरोबर होतं, गाणं चुकलं होतं. 'मन के मंजीरे'. २००० च्या आसपासचं. ट्रक चालवणारी मीता वशिष्ठ. शब्द प्रसून जोशी, संगीत शंतनू मोइत्रा. 'ब्रेकथ्रू' नावाच्या संस्थेने काढलेला अल्बम होता, बायकांवर घरात होणाऱ्या मारहाणीविरुद्ध. गुजरातमधल्या एका खऱ्या बाईच्या गोष्टीवरून घेतलंय, नवऱ्याचं घर सोडून ड्रायव्हर झालेल्या. बघा आणि सांगा.

गुळपोळी
हेच!! हेच हेच हेच.
सुपारी, काय म्हणू तुम्हाला. वीस-बावीस वर्षं शोधत होते. आत्ता ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बघितलं. ट्रक माझ्या आठवणीतल्यापेक्षा लहान आहे. बाकी सगळं तसंच. आणि गाणं अजिबात ओळखीचं वाटलं नाही, जणू पहिल्यांदा ऐकतेय. विषय काय होता हेही आत्ता कळलं. आज रात्री आईला दाखवते.

शेवटची_लोकल
बघा, धाग्याला उत्तर मिळालं. गाणं एका बाजूला, चित्र एका बाजूला, आणि बाईंच्या डोक्यात चित्रच राहिलं. सिद्धांत सिद्ध. 'बाई ट्रक चालवते', तीन शब्द!

सुपारी
ट्रक राहिला नाही हो त्यांच्या डोक्यात. दारात उभी असलेली आई राहिली. ट्रक तिच्यामुळे राहिला. नीट वाचा.

लोडशेडिंग
सुपारीशी सहमत. आणि त्या वेळी वीज होती हेही विसरू नका.

बटाटेवडा
मी अजूनही सदऱ्यावर ठाम आहे.

गुळपोळी
दाखवलं आईला. मोठ्या पडद्यावर लावलं, चष्मा आणून दिला. तिने पूर्ण बघितलं. म्हटलं, आठवतंय का, तू उलथनं घेऊन उभी होतीस, मामाकडे? तर म्हणाली, "गाणं नाही आठवत. पण वहिनीची वांगी माझ्या हातून करपली होती त्या दिवशी, ते आठवतंय. आठ दिवस ऐकून घेतलं मी."

मग जरा वेळाने म्हणाली, पुन्हा लाव.